व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल : कार्डावरचा मजकूर नेमका काय सांगतो?

या पत्त्यांच्या खेळाबद्दल नवख्यांची पहिली तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "कार्डावर लिहिलंय ते नीट कळत नाही." तक्रार अर्धी खरी आहे. बरीच कार्डं संदिग्ध वाटतात, पण ती संदिग्ध नसतात. त्यातला एखादा शब्द आपण घाईत गाळलेला असतो, किंवा नियमपुस्तिकेतली व्याख्या डोक्यात नसते. उरलेली काही कार्डं मात्र खरोखरच अडचणीची आहेत, आणि त्यांच्यासाठी कार्डाबाहेरचा आधार घ्यावाच लागतो. हे परीक्षण खेळ रंजक आहे की नाही याबद्दल नाही, तो रंजक आहेच. इथे तपासायचं आहे ते कार्डांचं लिखाण, विशेषतः २०२० साली ब्लॅक चँट्री या प्रकाशकाने आणलेल्या फिफ्थ एडिशनपासूनचं, आणि ते वाचायची पद्धत.

घोळाचं मूळ खेळाच्या वयात आहे. रिचर्ड गारफिल्डने रचलेला हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९४ मध्ये 'जिहाद' या नावाने छापला आणि पुढच्याच वर्षी त्याचं नाव बदललं. २००० मध्ये व्हाइट वुल्फने तो पुन्हा सुरू केला, २०१० मध्ये छपाई थांबली, आणि २०१८ पासून तो ब्लॅक चँट्रीकडे आहे. जुनी कार्डं आजही चालतात. म्हणजे एकाच टेबलावर तीन प्रकाशकांची भाषा एकत्र येते. जुन्या कार्डावर मिनियन (मैदानातलं पात्र) 'टॅप' होतो, नव्यावर 'लॉक', म्हणजे त्याचं कार्ड आडवं होतं. जुन्यावर शिस्तीचं (डिसिप्लिन, म्हणजे व्हॅम्पायरची खास शक्ती) नाव थॉमॅटर्जी, नव्यावर ब्लड सॉर्सरी. अर्थ एकच. पण एकाच नावाच्या कार्डाच्या दोन छपायांत मजकूर खरोखर वेगळा असेल, तर हातातल्या कार्डावर काय छापलंय याला महत्त्व उरत नाही. चालतो तो ताजा अधिकृत मजकूर. खेळाडूंची संघटना वीईकेएन हा मजकूर राखते, आणि केआरसीजी किंवा व्हीडीबी या शोधयंत्रांवर तो कार्डाच्या नावाने लगेच सापडतो. जुना संग्रह विकत घेणाऱ्याने एवढी तयारी ठेवायलाच हवी. प्रत्येक जुनं कार्ड एकदा तिथे तपासायचं आणि बदललेला मजकूर स्लीव्हमध्ये चिठ्ठीवर सरकवून ठेवायचा.

खेळाची चौकट थोडक्यात. साधारणपणे चार-पाच खेळाडू, प्रत्येकाकडे ३० पूल, म्हणजे खेळात टिकायची पुंजी. डावीकडचा तुमचा प्रे, त्याला संपवायचं. उजवीकडचा प्रिडेटर, तो तुम्हाला संपवायला बसलेला. प्रे बाद झाला की एक व्हिक्टरी पॉइंट आणि ६ पूल. क्रिप्टमध्ये (व्हॅम्पायरच्या गड्डीत) किमान १२ व्हॅम्पायर, लायब्ररीत (बाकीच्या कार्डांच्या गड्डीत) ६० ते ९० कार्डं, हातात ७. खेळाडूला मेथुसेला म्हणतात, आणि त्याच्या हुकमावर चालणाऱ्या व्हॅम्पायर व अलाय (साथीदार) यांना मिनियन.

आता मजकुराकडे. कोणतंही कार्ड वाचताना तीन गोष्टी वेगळ्या काढल्या की निम्मे वाद तिथेच मिटतात: हे कोणाबद्दल आहे, कधी खेळता येतं, आणि वाक्यातला कुठला भाग किंमत आहे व कुठला परिणाम. फिफ्थ एडिशनचं श्रेय असं की नवी कार्डं या तीन गोष्टी बऱ्याच प्रमाणात ठरलेल्या क्रमाने मांडतात. आधी अट, मग शिस्तीचं चिन्ह, मग परिणाम. जुन्या कार्डांवर अट वाक्याच्या शेपटीला लटकलेली असायची.

'कोणाबद्दल' हा सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा भाग. 'मिनियन' म्हणजे व्हॅम्पायर किंवा अलाय. 'व्हॅम्पायर' म्हटलं की अलाय बाहेर. रिटेनर (मिनियनचा सेवक) हा मिनियन नाहीच. 'रेडी व्हॅम्पायर' म्हटलं की टॉर्परमध्ये (जखमी होऊन निपचित) पडलेला बाद होतो. नुसतं 'तुमच्या ताब्यातला व्हॅम्पायर' असेल तर टॉर्परमधलाही त्यात येतो, कारण टॉर्परमध्ये गेलेला व्हॅम्पायर तुमच्या ताब्यातून जात नाही, फक्त रेडी राहत नाही. अनकंट्रोल्ड विभागात (अजून मैदानात न आलेल्यांच्या जागी) झाकून ठेवलेला व्हॅम्पायर मात्र तुमच्या 'ताब्यातला' नव्हे, जरी त्याच्यावर तुमचेच मणी ठेवलेले असले तरी. 'यंगर' आणि 'ओल्डर' हे शब्द क्षमतेवर ठरतात. क्षमता कमी तो यंगर, जास्त तो ओल्डर. दोघांची क्षमता सारखी असेल तर कोणीच यंगर नाही आणि कोणीच ओल्डर नाही. ७ क्षमतेच्या व्हॅम्पायरने दुसऱ्या ७ क्षमतेच्या व्हॅम्पायरवर 'यंगर' मागणारं कार्ड खेळणं ही दर दुसऱ्या नव्या टेबलावर दिसणारी चूक आहे.

'पूल' आणि 'ब्लड' यांचंही तसंच. दोन्हींसाठी तेच मणी वापरतात, म्हणून बोलताना लोक सरसकट 'एक ब्लड गेलं' म्हणतात. कार्डावर मात्र दोन्ही काटेकोर वेगळे आहेत. पूल खेळाडूचा, ब्लड व्हॅम्पायरवरचं, लाइफ अलायवरचं. किंमत दाखवणारी चिन्हंही वेगळी: थेंब असेल तर ब्लड, चौकटीच्या पत्त्यासारखा हिऱ्याचा आकार असेल तर पूल. पूल मोजून विकत घ्यायच्या कार्डासाठी व्हॅम्पायरवरचा मणी उचलला, तर ती चूक दोन-तीन फेऱ्यांनी लक्षात येते आणि तोवर टेबल निस्तरण्यापलीकडे गेलेलं असतं.

एका कार्डावर जरा थांबू, कारण त्यात बहुतेक सगळ्या मेखा एकत्र आहेत. गव्हर्न द अनअलाइन्ड. डॉमिनेट शिस्तीचं ॲक्शन कार्ड, किंमत १ ब्लड. कनिष्ठ पातळीवर +२ ब्लीडने ब्लीड (दुसऱ्या मेथुसेलाचा पूल घटवणारी ॲक्शन). वरिष्ठ पातळीवर +१ स्टेल्थची (अडवायला तेवढी अवघड) ॲक्शन: ब्लड बँकेतून ३ ब्लड तुमच्या अनकंट्रोल्ड विभागातल्या यंगर व्हॅम्पायरवर.

पहिला प्रश्न: वरिष्ठ डॉमिनेट असलेल्या व्हॅम्पायरला वरिष्ठच वापरावं लागतं का? नाही. त्याला दोन्हींतली कुठलीही एक पातळी निवडता येते. दोन्ही एकदम मात्र मिळत नाहीत. वरिष्ठ पातळीच्या ओळीत 'वरीलप्रमाणे, शिवाय' असे शब्द असतील तरच कनिष्ठ पातळीची ओळ तिच्यात मिळते. गव्हर्नमध्ये तसे शब्द नाहीत, म्हणून दोन ओळी म्हणजे दोन स्वतंत्र ॲक्शन.

दुसरा प्रश्न: अडवू कोण शकतं? ब्लीड ही दुसऱ्या मेथुसेलावर रोखलेली ॲक्शन, म्हणून फक्त तो लक्ष्य झालेला मेथुसेला अडवू शकतो. वरिष्ठ पातळी कोणावरच रोखलेली नाही, म्हणून आधी प्रे आणि मग प्रिडेटर, दोघांनाही अडवायची संधी. कार्ड तेच, किंमत तीच, पण पातळी बदलली की अडवणारे बदलतात. कार्डावर वर्तुळातलं डी हे चिन्ह याच भेदासाठी छापतात, पण ते केवळ आठवण करून देणारं आहे. ॲक्शन रोखलेली आहे की नाही हे लक्ष्यावरून ठरतं, चिन्हावरून नाही. म्हणून दुसऱ्याच्या ताब्यातल्या कशावर रोखलेली ॲक्शन आणि स्वतःच्याच गोष्टीवरची ॲक्शन, दोन्हींची शक्यता ज्या कार्डात आहे तिथे चिन्ह शोधत बसू नये. लक्ष्य कोणाचं आहे ते पाहावं.

तिसरा प्रश्न: अडवली गेली तर ते १ ब्लड जातं का? जात नाही. ॲक्शन कार्डाची किंमत ॲक्शन यशस्वी झाल्यावर भरायची असते. अडली तर कार्ड ॲश हीपमध्ये (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) जातं, ब्लड व्हॅम्पायरवरच राहतं. उलट ॲक्शन मॉडिफायर (ॲक्शन करणाऱ्याची पूरक कार्डं), रिॲक्शन (समोरच्याची प्रत्युत्तराची कार्डं) आणि कॉम्बॅट कार्डांची किंमत खेळताक्षणी जाते, पुढे काहीही होवो. हा फरक कार्डावर कुठेच लिहिलेला नसतो, तो नियमपुस्तिकेत आहे. फिफ्थ एडिशनच्या कार्डांबद्दल माझी ही पहिली खरी तक्रार. मजकूर आटोपशीर केला हे उत्तम, पण किंमत कधी भरायची याची जेमतेम चार शब्दांची आठवणही कुठे नाही, आणि हीच चूक सर्वांत जास्त होते.

चौथा प्रश्न: ३ ब्लड मिळून व्हॅम्पायरची क्षमता भरली तर तो लगेच मैदानात येतो का? नाही. ॲक्शन मिनियन फेजमध्ये होते, व्हॅम्पायर वर येतो तो त्यानंतरच्या इन्फ्लुएन्स फेजमध्ये. त्यामुळे त्याच पाळीत त्याच्याकडून ॲक्शन करून घेता येत नाही.

पाचवा: गव्हर्न खेळलेला व्हॅम्पायर कुठल्या तरी कार्डाने अनलॉक झाला, तर दुसरा गव्हर्न? नाही. एकच मिनियन एका पाळीत एकाच नावाचं ॲक्शन कार्ड पुन्हा खेळू शकत नाही, पातळी वेगळी असली तरी. आणि एकदा ब्लीड केलं की त्या पाळीत त्या मिनियनचं दुसरं ब्लीडही नाही, मग कार्ड वेगळं असलं तरी. 'अनलॉक' म्हणजे पुन्हा काहीही करायची मोकळीक, असं वाचलं की इथे घसरायला होतं.

ब्लीडची बेरीज हा पुढचा वादाचा विषय. साधं ब्लीड १. कनिष्ठ गव्हर्नचे +२. त्यावर वरिष्ठ कंडिशनिंग या ॲक्शन मॉडिफायरचे +३. एकूण ६. 'लिमिटेड असताना दोन्ही कसे?' असा आक्षेप हमखास येतो. उत्तर शब्दातच आहे. 'लिमिटेड' हे बंधन ब्लीड वाढवणाऱ्या लिमिटेड परिणामांवर आहे. कंडिशनिंग लिमिटेड आहे. गव्हर्नचे +२ हे ॲक्शनचाच भाग आहेत. कंडिशनिंगवर आणखी एक लिमिटेड मॉडिफायर चढवता येणार नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. जुन्या कार्डांवर हे बंधन अख्खं वाक्य लिहून सांगितलेलं असे. आता कंसात एक शब्द. अनुभवी खेळाडूला हे सुटसुटीत वाटतं, नवखा मात्र त्या शब्दापाशी अडकतो, कारण व्याख्या पुस्तिकेत आहे.

वेळेचे शब्द हे या खेळाचं खरं मर्म. इतर काही पत्त्यांच्या खेळांत कार्डांची चळत रचून शेवटचं आधी सोडवतात. इथे तसं नाही. कार्ड खेळलं की त्याचा परिणाम लगेच होतो, फक्त 'खेळलं जात असताना' रद्द करणाऱ्या कार्डांना त्याआधी संधी असते. सडन रिव्हर्सल हे कार्ड मास्टर कार्ड (मेथुसेला स्वतः खेळतो ते) असंच रद्द करतं, डायरेक्ट इंटरव्हेन्शन मिनियनने खेळलेलं कार्ड. पुढचं कार्ड पडल्यानंतर 'थांबा, मागचं रद्द करतो' चालत नाही. दोन्ही कार्डं आउट-ऑफ-टर्न (दुसऱ्याच्या पाळीत खेळायची) मास्टर आहेत, म्हणजे त्यांचा हिशोब तुमच्या पुढच्या मास्टर फेजमध्ये चुकता होतो. हेही विसरलं जातं.

कार्ड खेळायची पहिली संधी कायम ॲक्शन करणाऱ्याची. त्याने पास दिला की इतरांना. कोणीही काही खेळलं की संधी परत ॲक्शन करणाऱ्याकडे. सगळ्यांनी ओळीने पास दिला की ती खिडकी बंद. नियम वाचायला रुक्ष वाटतो, पण डावाचा रंग त्यावर पालटतो. समजा कनिष्ठ गव्हर्नचं ब्लीड प्रतिस्पर्ध्याने अडवायचं नाकारलं आहे आणि तुमच्या हातात कंडिशनिंग आहे. आधी खेळलं तर त्याचं डिफ्लेक्शन ६ चं ब्लीड दुसऱ्याकडे वळवेल. राखून ठेवून पास दिला, आणि त्यानेही पास दिला, तर ब्लीड ३ वरच लागू होईल आणि कंडिशनिंग हातातच राहील. त्याने डिफ्लेक्शन खेळलं तर मात्र संधी पुन्हा तुमची. हा पेच मजकुरात दिसत नाही, पण मजकूर नीट वाचणाऱ्यालाच तो खेळता येतो. टेबलावर 'पास' हा शब्द मोठ्याने उच्चारायची सवय लावा. खांदे उडवून किंवा मान हलवून दिलेला पास हेच भांडणाचं बीज असतं.

डिफ्लेक्शनही शब्दशः वाचण्याजोगं आहे. अट: अडवायचं नाकारल्यानंतर. म्हणजे आधी अडवून पाहणं, स्टेल्थपुढे ते फसणं, मग आणखी अडवायचं नाकारणं आणि त्यानंतर डिफ्लेक्शन, हे सगळं नियमात बसतं. अडवणं यशस्वी झालं तर डिफ्लेक्शनचा प्रश्नच नाही. अडवण्याआधी खेळून 'नंतर अडवीन' हेही नाही. पुढचा शब्द: 'ॲक्शन करणाऱ्या मिनियनच्या मालकाशिवाय दुसरा मेथुसेला'. म्हणजे ब्लीड त्याच्याच अंगावर उलटवता येत नाही. ते ब्लीड तुमच्या प्रेवरच जायला हवं असंही नाही. टेबलावरचा इतर कोणीही चालतो. आणि टेबलावर दोघेच उरले असतील तर ते कार्ड मेलेलं आहे, कारण वळवायला तिसरा कोणी नाही. शेवटच्या दोघांच्या लढतीत हातात तीन डिफ्लेक्शन घेऊन बसणारे असतात. त्यांनी ती डिस्कार्ड फेजमध्ये सोडवायला आधीपासून सुरुवात करावी. वळवलेल्या ब्लीडचं नवं लक्ष्य बनलेल्याला अडवायची संधी मिळते. ती न विचारता थेट मणी काढायला सांगणं चूक आहे.

'ॲक्शन यशस्वी' आणि 'ब्लीड यशस्वी' या दोन शब्दप्रयोगांतही सूक्ष्म पण निर्णायक फरक आहे. ब्लीड कमी करणाऱ्या कार्डाने रक्कम शून्यावर आली आणि कोणी अडवलं नाही, तर ॲक्शन पार पडली, पण ब्लीड यशस्वी झालं नाही. मग एजही (यशस्वी ब्लीडनंतर मिळणारी खूण) मिळत नाही, आणि 'ब्लीड यशस्वी झाल्यास' असं लिहिलेला पुढचा परिणामही होत नाही. 'ॲक्शन यशस्वी झाल्यास' असं लिहिलेला मात्र होतो. इथे कार्डाची भाषा अगदी नेमकी आहे, घोळ वाचणाऱ्याचा.

स्टेल्थ आणि इंटरसेप्ट (अडवणाऱ्याची ताकद) यांबद्दल एकच लक्षात ठेवा: गरज असेल तेव्हाच. कोणी अडवायचा प्रयत्न करत नसताना 'खबरदारी म्हणून' +१ स्टेल्थ खेळता येत नाही. अडवणाऱ्याचं इंटरसेप्ट पुरेसं असताना आणखी इंटरसेप्टही नाही. हे बंधन कार्डावर नसतं, पुस्तिकेत असतं.

वेक विथ इव्हनिंग्ज फ्रेशनेस हे वर्षानुवर्षं चुकीचं वाचलं जाणारं कार्ड. ते लॉक व्हॅम्पायरला 'अनलॉक असल्यासारखं' रिॲक्शन कार्डं खेळू आणि अडवू देतं. 'असल्यासारखं'. व्हॅम्पायर प्रत्यक्षात अनलॉक होत नाही, कार्ड आडवंच राहतं, आणि 'अनलॉक व्हॅम्पायर' मोजणाऱ्या दुसऱ्या कार्डासाठी तो लॉकच असतो. त्यावर दुसरीही ओळ आहे: पुढच्या अनलॉक फेजपर्यंत याच्या जागी नवं कार्ड घ्यायचं नाही. खेळलेल्या कार्डाची जागा लगेच भरायची हा या खेळाचा इतका अंगवळणी पडलेला नियम आहे की हात आपोआप लायब्ररीकडे जातो. उपाय साधा: असं कार्ड ॲश हीपमध्ये टाकताना लायब्ररीच्या माथ्यावर एक मणी ठेवायचा. मणी आहे तोवर त्या एका कार्डाची उचल बाकी.

कॉम्बॅटमध्ये (दोन मिनियनच्या लढतीत) संदिग्धतेची तक्रार सर्वांत जास्त येते आणि तिथेच शब्द सर्वांत पक्के आहेत. 'स्ट्राइक' हा मोठा गट. हँड स्ट्राइक, शस्त्राचा स्ट्राइक, डॉज, ब्लड चोरणं, 'कॉम्बॅट एंड्स', हे सगळे स्ट्राइकच. इम्मॉर्टल ग्रॅपल म्हणतं की या फेरीत हँड स्ट्राइक नसलेले स्ट्राइक वापरता येणार नाहीत. म्हणजे डॉज बंद. मॅजेस्टीसारखं 'कॉम्बॅट एंड्स' बंद. हातात तलवार असली तरी तिचा स्ट्राइक बंद, कारण शस्त्राचा स्ट्राइक हा हँड स्ट्राइक नव्हे. पण इजा टाळणारी कार्डं सुरू, कारण ते स्ट्राइक नाहीत. बंधन दोघांवरही आहे, खेळणाऱ्यावरही. आणि ते खेळायचं ते क्लोज रेंजलाच (जवळच्या अंतरावर), स्ट्राइक निवडायच्या आधी. समोरच्याने मॅजेस्टी जाहीर केल्यानंतर ग्रॅपल काढायला उशीर झालेला असतो.

इथे टेबलावरचा एक प्रत्यक्ष पेच आहे. स्ट्राइक आधी निवडायचा तो ॲक्शन करणाऱ्या मिनियनने. तो घाईघाईने "स्ट्राइक, कॉम्बॅट एंड्स" म्हणत कार्ड टाकतो, आणि अडवणाऱ्याला 'स्ट्राइक निवडण्याआधी' काही खेळायचं होतं, ती संधीच त्याला मिळाली नाही. नियम अडवणाऱ्याच्या बाजूचा आहे: ती खिडकी आधी दोघांसाठी बंद झाली पाहिजे. पण तोवर कार्ड उघडं पडलेलं असतं आणि समोरच्याचा हात कळलेला असतो. म्हणून प्रत्येक टप्प्याला नाव घेऊन विचारा: रेंजआधी काही? रेंज क्लोज? स्ट्राइकआधी काही? चार सेकंद जातात, अर्ध्या तासाची हुज्जत वाचते.

'कॉम्बॅट एंड्स' इतर सगळ्या स्ट्राइकच्या आधी लागू होतं, फर्स्ट स्ट्राइकच्याही आधी, आणि रेंज कोणतीही असो. त्याच्यावर डॉज टाकून उपयोग नाही. डॉज स्वतःवर येणाऱ्या स्ट्राइकचा परिणाम चुकवतो, संपलेलं कॉम्बॅट परत आणत नाही.

'डॅमेज', 'बर्न' आणि 'स्टील' हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वाचू नयेत. थेफ्ट ऑफ व्हीटे कनिष्ठ पातळीवर १ आणि वरिष्ठवर २ ब्लड चोरतं. चोरी ही इजा नाही, म्हणून इजा टाळणारं कार्ड तिच्यावर चालत नाही. डॉज चालतो, कारण चोरी स्ट्राइकने होते. चोरलेलं ब्लड क्षमतेपेक्षा जास्त झालं तर वरचं वाया जातं, समोरच्याला परत मिळत नाही.

मर्यादेचे शब्दही बघा. .४४ मॅग्नमवर '२ आर डॅमेज' आणि 'प्रत्येक कॉम्बॅटला एक मॅनूव्हर' (रेंज बदलायची संधी) असं आहे. आर म्हणजे लाँग रेंजलाही चालणारं. 'कॉम्बॅटला' म्हणजे फेरीला नाही. प्रेसने दुसरी फेरी सुरू झाली तर तो मॅनूव्हर पुन्हा मिळत नाही. शिवाय त्या २ चा व्हॅम्पायरच्या स्ट्रेंग्थशी संबंध नाही, म्हणून स्ट्रेंग्थ वाढवून गोळी जोरात लागत नाही. ज्या शस्त्रावर 'स्ट्रेंग्थ अधिक १' असं लिहिलंय तिथे मात्र लागते.

मतदानात काइन रिसोर्सेस कंटेस्टेड हे ठरावाचं कार्ड घ्या. ४ गुण 'दोन किंवा अधिक मेथुसेलांत' वाटायचे, आणि ठराव संमत झाला तर प्रत्येक गुणामागे १ पूल जातो. चारही प्रेवर टाकता येत नाहीत, आणि 'चार आणि शून्य' ही पळवाटही नाही, कारण शून्य देणं म्हणजे वाटणं नव्हे. एकावर जास्तीत जास्त ३. मजकुरात 'इतर' हा शब्द नाही, त्यामुळे उरलेला गुण स्वतःवर घेऊन बाकीच्या टेबलाशी गोडी राखता येते, आणि कधीकधी तीच मतं मिळवून देते. वाटणी जाहीर करायची ती ॲक्शन यशस्वी झाल्यावर, मतदानाआधी. ॲक्शन जाहीर करतानाच "तीन कोणाला?" असं विचारणाऱ्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. बोलाचाली, आश्वासनं चालतात. पण नियम म्हणून काही ठरलेलं नसतं.

एवढं सगळं पाहिल्यावर फिफ्थ एडिशनचा निकाल. मॅल्केव्हियन, नॉस्फेराटू, टोरिॲडोर, ट्रेमेअर आणि व्हेन्ट्रू अशा पाच तयार डेकनी ही आवृत्ती सुरू झाली, आणि खेळ शिकायला त्या उत्तम आहेत, कारण पाचही डेकची भाषा एकाच वळणाची आहे. पहिल्या पाच-सहा डावांत यात एकही जुनं कार्ड मिसळू नये, असं मी आग्रहाने सांगेन. वाक्यं लहान, अटी पुढे, क्रियापदं ठरलेली. जुन्या छपाईशी ताडून पाहिलं तर वाद घालायला जागा स्पष्ट कमी झाली आहे.

उणिवा दोन. एक, कनिष्ठ आणि वरिष्ठ शिस्तीतला फरक चिन्हाच्या आकारावर: चौकोन कनिष्ठ, हिऱ्याचा आकार वरिष्ठ. टेबलाच्या पलीकडून समोरच्या व्हॅम्पायरवर कुठलं आहे ते ओळखणं कठीण, आणि मंद उजेडात तर अशक्य. व्हॅम्पायर वर आणताना त्याची क्षमता, शिस्ती आणि पदवी मोठ्याने वाचायची, हाच उपाय. दोन, नियमपुस्तिकेत वेळेचे नियम विखुरलेले आहेत. ब्लीडचं एका ठिकाणी, किमतीचं दुसऱ्या, 'गरज असेल तेव्हाच'चं तिसऱ्या. पानभराचा क्रमतक्ता असता तर निम्मे प्रश्न टेबलावरच मिटले असते. तो आपण हाताने करून ठेवावा: ॲक्शनची घोषणा व लॉक, अडवण्याचे प्रयत्न, अडवायचं नाकारल्यानंतरची खिडकी, किंमत व परिणाम, आणि कॉम्बॅटसाठी रेंजआधी, रेंज, स्ट्राइकआधी, स्ट्राइक, जादा स्ट्राइक, प्रेस.

खरोखर न सुटणारा शब्द आलाच, तर खेळ थांबवून केआरसीजीवर ते कार्ड उघडा. मजकुराखाली त्या कार्डाबद्दल दिलेले अधिकृत निर्णय असतात. कार्ड नियमाच्या विरुद्ध बोलत असेल तर कार्ड मोठं, हा पुस्तिकेतला सुवर्णनियम आहे. पण कार्ड गप्प असेल तिथे नियम चालतो. 'कार्डावर नाही म्हटलेलं नाही' हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. स्पर्धेत असाल तर पंचांना बोलवा आणि त्यांचा निर्णय येईपर्यंत कोणीही लायब्ररीतून कार्ड उचलू नका. एकदा हात बदलला की मागची स्थिती परत मांडता येत नाही.